नाना, नवव्या पानाबद्दल

नाना,

तुम्ही गेल्याला आज एकवीस दिवस झाले. शाळेच्या मंडळींनी मला तुमच्यावर लिहायला सांगितले आणि सोबत एका चिठ्ठीवर तुमचे जन्मगाव, पदवी, नोकरीची वर्षे असे सगळे लिहून दिले. ती चिठ्ठी मी परत केली. ज्यांना ती माहिती हवी त्यांच्याकडे ती आहेच. मला एका पानाबद्दल बोलायचे आहे. तुमच्या पुस्तिकेचे नववे पान मी गाळले, कागद नाही म्हणून सांगितले, आणि तुम्ही ते ऐकून घेतले. त्यानंतर आपली भेट झाली नाही.

इतरांनाही समजावे म्हणून सुरुवातीपासून सांगतो. तुम्हाला हे सगळे ठाऊक आहे, तरी ऐका.

जपानवर बॉम्ब पडल्याची बातमी आली त्या आठवड्यात शहाद्याच्या बाजारात जो तो अणूवर बोलत होता. मी मागे कसा राहणार? मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील सभांहून पत्रके आणत आणि त्यांवरच मी अक्षरे ओळखायला शिकलो. शाळेच्या पुस्तकातला पहिला धडा वाचण्याआधी मला 'बंधूंनो' वाचता येत होते. दोन दिवसांत मी पत्रक काढले. मथळा होता, 'अणू फुटला, आता साम्राज्य फुटेल'. बाजाराच्या दिवशी ते वाटत होतो. तुम्ही एक घेतलेत, समोरच्या ओट्यावर बसून शेवटपर्यंत वाचलेत, खिशातून पेन्सिल काढलीत आणि तीन ठिकाणी खुणा करून कागद माझ्या हातात परत दिलात.

"नाव काय तुन्हं?"

"धना."

"धना, साम्राज्यनं मी काही सांगत नही, ते तुले ठाऊक. पन अणूवर तू तीन ओळी लिख्यात, तिन्ही चुकन्यात."

मी म्हणालो, "मास्तर, लोकांना मुद्दा समजला म्हणजे झाले."

"कोणता मुद्दा? ज्याले अणू काय शे ते माहीत नही, त्याले तो फुटना म्हणजे काय समजनं?"

मला राग आला होता. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेच्या प्रयोगाच्या खोलीत आलो.

त्या खोलीत तुम्ही बाटलीतल्या रॉकेलमधून सोडियमचा तुकडा काढलात, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा कापलात आणि काचेच्या परातीतल्या पाण्यावर टाकलात. तो गोळी होऊन फुसफुसत पळू लागला. मग तेवढाच पोटॅशियमचा टाकलात. तो पळण्याआधीच पेटला, जांभळ्या ज्योतीने. तुम्ही सांगितलेत की या दोघांच्या अणूंत सर्वांत बाहेर एकेकच इलेक्ट्रॉन असतो आणि दोघेही तो सहज सोडतात. पोटॅशियम जास्त सहज. मग विचारलेत, का?

मी छातीठोकपणे म्हणालो, "पोटॅशियमचे केंद्र दुबळे असणार."

"सोडियमच्या केंद्रात अकरा धनभार, पोटॅशियमच्या केंद्रात एकोणीस. आता बोल."

तुम्ही शाळेतली मराठी सोडून आपल्या बोलीवर आलात. "तू सभा लेस ना? मग सांग, पहिल्या रांगेतला मानूस लवकर उठस का शेवटला?"

"शेवटचा."

"काब्र?"

"त्याला ऐकू येत नाही. लांब असतो, आणि मधल्यांची डोकी आडवी येतात."

"बोलनारा दमदार ऱ्हायना तरी?"

"तरी."

तेच, तुम्ही म्हणालात. पोटॅशियमचे केंद्र जोरदार आहे, पण त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन सोडियमच्यापेक्षा एक कक्षा दूर आहे, आणि मध्ये बाकीच्या इलेक्ट्रॉनांची दाटी केंद्राची ओढ अडवते. ओढ किती, अंतर किती, मध्ये आडोसा किती, या तिन्हींचा हिशेब करूनच कळते की बाहेरचा कण काढून घ्यायला किती ऊर्जा लागेल. लगेच हेही म्हणालात की पाण्यावरची पळापळ हा त्याचा चोख पुरावा नव्हे, तिच्यात आणखी कारणे मिसळलेली असतात. चोख माप वेगळे. पदार्थाची विरळ वाफ काचेच्या नळीत भरायची, तिच्यातून इलेक्ट्रॉन पळवायचे आणि त्यांना पळवणारा विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. ज्या दाबाला ते वाफेतल्या अणूचा कण उडवू लागतात, तिथे नळीतला प्रवाह एकदम चढतो. तो दाब व्होल्टमध्ये वाचायचा. "आपल्या शाळेत ती नळी नाही," तुम्ही म्हणालात. "आकडे पुस्तकातले. पण कोणीतरी मोजलेले आहेत. कोणाला वाटले म्हणून लिहिलेले नाहीत."

तो टोमणा होता. मला कळला.

पुस्तिकेची कल्पना माझी, हे तुम्ही सगळ्यांना सांगत होता, म्हणून मीही सांगतो. बॉम्बमुळे अणूचे नाव घराघरात गेले आहे. त्याच्यावर मराठीत आठ पानांचे काहीतरी काढा, मी छापून आणतो, असे मी म्हणालो. तुम्ही अट घातलीत की बॉम्बवर एक ओळही नको. मी हादरलो. बॉम्ब नसेल तर घेईल कोण? तुम्ही म्हणालात, बॉम्ब हा अणूच्या केंद्राचा विषय आहे आणि त्याचे केंद्र कोणी फोडले ते साऱ्या जगाला माहीत झाले आहे. पण चुलीतली राख, सोनाराची मूस, स्वयंपाकघरातले मीठ, आपला श्वास, हे सगळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनाच्या देवघेवीवर चालते, आणि ते कोणीच सांगत नाही.

मिठाचे ऐकून मी थबकलो होतो. मिठाच्या कायद्यावरची पत्रके मला लहानपणी पाठ होती. मीठ कोणाचे, हे मी झोपेतही सांगितले असते. मीठ काय आहे, हे मला विसाव्या वर्षानंतर तुमच्याकडून कळले: सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिलेला, क्लोरीनने तो घेतलेला, आणि त्या देण्याघेण्यामुळे दोघे एकमेकांना चिकटलेले.

व्होल्ट कोणाला कळणार, हा प्रश्न होता. त्यावर सेल वापरा, असे मी सुचवले. बॅटरीचा सेल शहाद्यात कोणाला माहीत नाही? एक सेल म्हणजे दीड व्होल्ट. सोडियमचा बाहेरचा कण उडवायला पाच व्होल्टांपेक्षा जरा जास्त दाब लागतो, म्हणजे चार सेल. पोटॅशियमला तीन. तुम्हाला हे इतके आवडले की लोणखेड्याच्या घरी तुम्ही एक लांब बांबू मधोमध चिरलात आणि त्याच्या खोबणीत गावभरातून मागून आणलेले मेलेले सेल ओळीने मांडलेत. काकू दारातून म्हणाल्या, "आख्खं गाव अंधारमा आनि सेल सगळा आमना घरमा."

त्या बांबूवर तुम्ही मला एक गोष्ट दाखवलीत, ती मी अजून विसरलेलो नाही. सोडियमचा पहिला कण चार सेलांत जातो. दुसरा न्यायचा म्हटले तर? मी आठ म्हणालो. तुम्ही सेल लावत गेलात, लावत गेलात, बांबू संपला, उरलेले जमिनीवर मांडलेत. बत्तीस. कारण पहिला गेल्यावर उरतात ते आतल्या कक्षेतले, केंद्राला लगटून बसलेले, आणि त्यांच्यापुढे आडोसाही फारसा नाही. म्हणून सोडियम एक देतो, दुसरा देत नाही. मिठात तो एकच देऊन बसलेला असतो.

"लिही आता," तुम्ही म्हणालात, "पण 'बंधूंनो' नको."

आता भांडणाकडे येतो.

मला या सगळ्यात आमचे जग दिसत होते. केंद्र, पकड, दूर लोटलेले, मध्ये उभे राहून ओढ अडवणारे. मी पुस्तिकेच्या प्रस्तावनेत लिहिले की पकड जितकी घट्ट तितकी सुटका महाग, हा निसर्गाचाच नियम आहे आणि त्यातून आपण काय घ्यायचे ते सुज्ञांनी ओळखावे. तुम्ही ती प्रस्तावना पूर्ण वाचलीत आणि आडवी रेघ मारलीत.

"यात खोटे काय आहे?" मी विचारले.

"हा आकडा एकट्या अणूचा आहे. वाफेत, बाकीच्यांपासून लांब असलेल्या. दहा अणू जवळ आले की हिशेब बदलतो. आणि तू लाख माणसांवर लावतोस."

"उपमा आहे, नाना."

"तुन्ही गोष्ट खरी शे का?"

"खरी आहे."

"मंग तिले अणूनी साक्ष कसाले लागस?"

मी म्हणालो की विज्ञान सांगते म्हटले की लोक विश्वास ठेवतात. तुम्ही म्हणालात, म्हणूनच भीती वाटते. उद्या दुसरा कोणी उठेल आणि म्हणेल, केंद्राने धरून ठेवणे हाच निसर्गाचा नियम आहे, सुटू पाहणारेच गुन्हेगार. तोही अणूचीच साक्ष काढेल. तेव्हा तू काय करशील?

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. पण मी त्या दिवशी जे विचारले त्याचे उत्तर तुम्हीही दिले नाहीत. तळोद्याच्या वरच्या गावांतून डोंगरातली माणसे लाकडाच्या ओझ्याखाली उतरतात, अर्ध्या मजुरीवर दिवसभर राबतात, आणि तुमच्यासारखा शिकलेला माणूस व्होल्टचा दुसरा दशांश बरोबर आहे की नाही ते बघत बसतो, हे कसे? तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "ज्याले जे येस ते त्यानी नीट करावं." ते मला तेव्हा पटले नाही. आज तुम्ही नाही म्हणून पटल्यासारखे दाखवणार नाही. तुम्हाला ते आवडलेही नसते.

प्रस्तावना गेली. मी ती सोडून दिली, पण मनातून सोडली नव्हती. नववे पान आले तेव्हा ते दिसले.

पुस्तिका आठ पानांची, कारण एका तावाच्या दोन घड्या घातल्या की आठ पाने होतात. पत्रकवाल्याचे सगळे विचार त्या घडीत बसवलेले असतात. लढाईपासून कागदावर नियंत्रण. छापखान्याकडे जेवढे ताव मिळाले तेवढेच. तुम्ही सात पाने लिहून दिलीत; आठवे माझ्या प्रस्तावनेसाठी धरले होते, ती गेल्यावर ते रिकामे उरले. त्यांत तक्ता होता: एकाच ओळीतले अणू डावीकडून उजवीकडे जाताना केंद्राचा भार एकेकाने वाढतो, नवे इलेक्ट्रॉन त्याच कक्षेत येतात, त्यामुळे आडोसा फारसा वाढत नाही, आणि पकड घट्ट होत जाते. कार्बनला आठ सेल, नायट्रोजनला दहा, फ्लोरीनला बारा, निऑनला पंधरा. निऑनची कक्षा भरलेली, तो कोणाला काही देत नाही, कोणाकडून काही घेत नाही. फार देखणा तक्ता होता. जवळजवळ चढतच जाणारा.

मग तुम्ही आणखी एक पान पाठवलेत; प्रस्तावनेचे धरून ते नववे, आणि ते नाव तसेच राहिले. वर लिहिले होते: 'हे न घालता पुस्तिका छापू नये.' त्यात होते की चढण सरळ नाही. दोन ठिकाणी घसरते. बेरिलियमहून बोरॉनकडे जाताना एकदा, आणि नायट्रोजनहून ऑक्सिजनकडे जाताना एकदा. नायट्रोजनला साडेचौदा व्होल्ट लागतात, ऑक्सिजनला साडेतेराच्या किंचित वर. ऑक्सिजनच्या केंद्राचा भार जास्त असूनही त्याचा कण स्वस्तात जातो.

कारण तुम्ही खाटांवरून समजावले होते. तीन खाटा, तीन पाहुणे, प्रत्येकाची वेगळी खाट: तो नायट्रोजन. चौथा आला की त्याला कोणाच्या तरी खाटेवर अंग चोरून झोपावे लागते, आणि दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात: तो ऑक्सिजन. त्या ढकलाढकलीमुळे एकाला उठवणे सोपे जाते. बोरॉनचे कारण वेगळे होते. तिथे नवा कण त्याच कक्षेतल्या जरा वरच्या, सैल जागेत बसतो. आणि शेवटी तुम्ही लिहिले होते: 'नियम सांगताना नियम जिथे मोडतो ती जागा दाखवली नाही, तर वाचणाऱ्याला आपण नियम दिला नाही, फक्त आपला शब्द दिला.'

मला हे पान नको होते. सात पानांत वाचणाऱ्याला चढवत न्यायचे आणि दारात आल्यावर म्हणायचे, पण तसे नेहमी नसते. असे पत्रक कोणी लिहीत नाही. सभेत शेवटी शंका सांगणाऱ्याला व्यासपीठावरून खाली ओढतात. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. बोरॉन आणि बेरिलियम तक्त्यात घातलेच नाहीत. म्हटले, शहाद्यात ही नावे कोणाला ठाऊक आहेत? आणि ऑक्सिजनपुढे दहा सेल लिहिले. ते खोटे नव्हते. नऊ सेल म्हणजे साडेतेरा व्होल्ट, किंचित कमी पडतात, म्हणून दहावा लागतोच. नायट्रोजनलाही दहा. घसरण सेलांच्या मापात दिसेनाशी झाली. चढणीवर एक सपाट पायरी, एवढेच.

नंदुरबारच्या छापखान्यात मगनभाई खिळे जुळवत होते. इलेक्ट्रॉन दाखवायला त्यांनी पूर्णविराम वापरले होते. मला बघून म्हणाले, "तुमच्या मास्तरच्या निऑननं माझे दहा पूर्णविराम खाल्ले. आता बाकीच्या गावानं न थांबता बोलायचं का?" मी हसलो आणि त्यांना सांगितले की आठव्या पानावर आमच्या पत्रकांची यादी घाला. आमची म्हणजे माझी आणि माझ्या मंडळाची. सतरा पत्रके, नावांसह.

प्रूफ घेऊन मी लोणखेड्याला आलो. तुम्ही ओट्यावर शाल घेऊन बसला होता, खोकत होता. सातही पाने बोट ठेवून वाचलीत. ऑक्सिजनपाशी बोट थांबले. मग बोरॉन शोधलात.

"बोरॉन?"

"कोणाला माहीत आहे, नाना?"

"टाकणखार माहीत शे ना? सोनार रोज वापरस. त्यामा बोरॉनच शे." मग म्हणालात, "आणि सेलांनी तू चांगली सोय केलीस. माप इतके जाड घेतलेस की नको ते त्यातून गळून गेले."

मी प्रूफ परत घ्यायला हात पुढे केला.

"नववं पान?"

"कागद नाही, नाना."

तुम्ही आठव्या पानावरच्या यादीकडे बघितलेत. नक्की बघितलेत, मी पाहत होतो. मग प्रूफाची घडी घालून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बरं." एवढेच. काकूंनी चहा आणला, आपण कापसाच्या भावावर बोललो. बाराव्या दिवशी निरोप आला की ताप उतरला नाही, तुम्ही गेलात.

कागद होता, नाना. आठवे पान होते.

तुम्ही माझ्याशी अणूवर, उपमेवर, 'बंधूंनो'वर तासन्‌तास भांडलात. ऱ्हस्वदीर्घावर भांडलात. आणि जिथे मी खरोखर लबाडी केली तिथे "बरं" म्हणून गप्प बसलात. ज्वराने थकला होता, हे मला समजते. तरीही माझी तुमच्यावर ही एक तक्रार आहे. तुम्ही भांडायला हवे होते. मी ऐकले असते असे म्हणत नाही; बहुधा नसते ऐकले. पण मला वाद घालून हरवण्याऐवजी तुम्ही मला माझ्यावर सोपवून गेलात, आणि ते फार जड आहे.

दहाव्यानंतर मी काकूंकडे जाऊन बसलो. त्यांनी मला जेवायला लावले. मी कसेबसे म्हणालो, "काकू, पुस्तिकेतले एक पान मी काढले होते."

"माहीत शे."

"नानांनी सांगितले?"

"त्यासनी सांगं. म्हने, धनाले त्यान्या पत्रकना मोह शे. तरणा शे, त्याले एक दिन स्वतःले समजी." त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या ताटात ठेवला. "पन मी तुले सांगस, त्या तापमा बी तेच बडबडत व्हतात. ऑक्सिजन, ऑक्सिजन. डाक्टरले वाटनं, श्वास लागना."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. खाली मान घालून जेवलो.

"आते काय करशी?" त्यांनी विचारले.

मी दुसऱ्या दिवशी तापी ओलांडून नंदुरबारला गेलो. मगनभाईंनी खिळ्यांची चौकट तशीच बांधून ठेवली होती. मी आमची यादी सोडायला सांगितली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितले. ती यादी मी किती हौसेने जुळवून घेतली होती ते त्यांना ठाऊक होते. सतरा ओळी त्यांनी खण लक्षात ठेवून परत खोक्यात टाकल्या आणि तुमचे पान जुळवायला घेतले. तक्त्यात बोरॉन आणि बेरिलियम बसवले. सेलांच्या शेजारी व्होल्टचा रकाना घातला, म्हणजे चौदा आणि तेरा डोळ्यांना दिसतील. ऑक्सिजनच्या चित्रात एका घरात दोन टिंबे हवी होती. ती शाईत एकमेकांत मिसळून एकच ठिपका उमटत होता. मगनभाईंनी मध्ये कागदाची बारीक चिंधी घालून ती वेगळी केली. "शेजारी नांदत नाहीत हे," ते म्हणाले. मी म्हणालो, पानाचा विषय तोच आहे.

तुमचे शेवटचे वाक्य जसेच्या तसे ठेवले आहे. प्रस्तावना नाही. माझे नाव कुठेही नाही. कोणी लबाडीबद्दल विचारले तर सांगेन, आणि हा लेख लिहून सांगितलेच आहे.

परवा बाजारात पुस्तिका वाटल्या. लोकांनी बॉम्ब शोधला, मिळाला नाही म्हणून काहींनी परत दिल्या. कापसाच्या जिनमधला फिटर रामदास, जो माझे प्रत्येक पत्रक घेतो आणि प्रत्येकाला नावे ठेवतो, तो उभ्याउभ्या सगळी वाचून माझ्याकडे आला.

"धना, सात पान तू वर वर लई गया, आनि आठव्यावर पाय घसरना. पक्कं काय ते ठरवी ले."

"पक्के तेच आहे. ऑक्सिजनला कमी लागते."

"काब्र?"

मी तीन खाटा सांगितल्या, चौथा पाहुणा सांगितला. त्याने शांतपणे ऐकले.

"त्या खाटा कोन्ही दख्यात?"

"कोणीच नाही."

"मंग तुले कसं माहीत?"

आजवर बाजारात उभे राहून मी असे कधी बोललो नव्हतो, नाना. मी म्हणालो, "आकडा मोजलेला आहे, तो खरा. कारण नानांनी पुस्तकातून सांगितले तसे मी सांगतो आहे. मला ते अजून पुरते कळलेले नाही."

रामदासने पुस्तिका सदऱ्याच्या खिशात घातली.

"रविवारना जिन बंद ऱ्हास. ते पुस्तक लई ये. दोन्ही दखूत."

ते पुस्तक तुमच्या फळीवर आहे. इंग्रजी मला जेमतेम वाचता येते, रामदासला मुळीच नाही. काकूंनी न्यायला सांगितले आहे.